टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरच्या स्पर्धेत पहिल्यांदाच परीक्षक होताना

"तुम्ही दीपगृहाच्या तळाशी उभे आहात. गोल भिंतीला लागून एक जिना वर जातो. कोनाड्यात पितळी कंदील आहे."

तुम्ही टाइप करता : कंदील घे.

गेम म्हणतो : "असं काही इथे दिसत नाही."

अहो, आत्ताच तर म्हणालात! साधा खेळाडू इथे वैतागून खिडकी बंद करतो आणि त्याचं काही चुकत नाही. परीक्षकाला ती मुभा नाही. त्याने ही ओळ टिपून ठेवायची, लेखकाने कोडमध्ये त्या वस्तूला 'दिवा' म्हटलं असेल या आशेने तेही करून पाहायचं, आणि पुढे सरकायचं. हौशी लेखकांच्या स्पर्धेतलं निम्मं परीक्षण असंच असतं.

हा लेख अशा, नुसत्या शब्दांतून खेळल्या जाणाऱ्या गेमना पहिल्यांदाच गुण द्यायला बसणाऱ्यांसाठी आहे, आणि शेवटचा भाग छोटी स्पर्धा भरवायला निघालेल्यांसाठी. प्रोग्रॅमिंग यायची गरज नाही. वाचायची आवड, टिपणं काढायची सवय आणि स्वतःच्या कंटाळ्याकडे जरा संशयाने बघायची तयारी एवढं भांडवल पुरतं.

माझं एक मत आधीच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. आपण म्हणतो की परीक्षक गेमला गुण देतो. प्रत्यक्षात तो त्या गेमबरोबरच्या आपल्या एका बैठकीला गुण देत असतो. तुम्ही दमलेले होतात, दुसऱ्याचा अभिप्राय आधी वाचून बसला होतात, मध्येच फोन वाजला, हे सगळं त्या आकड्यात मुकाट्याने मिसळतं. म्हणून बैठक नीट ठेवणं आणि तिची नोंद ठेवणं, या दोन गोष्टी जमल्या की गुण देणं त्यामानाने सोपं आहे.

आधी थोडी ओळख

टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरचे ढोबळ दोन प्रकार तुमच्यापुढे येतील. पहिल्यात तुम्ही आज्ञा टाइप करता आणि 'पार्सर' नावाचा भाग ती समजून घेतो. विल क्राउदरने १९७६च्या सुमाराला लिहिलेला आणि डॉन वुड्सने १९७७ मध्ये वाढवलेला गुहेचा गेम हा या घराण्याचा मूळपुरुष. त्याला फक्त दोन शब्दांच्या आज्ञा कळायच्या. दुसऱ्या प्रकारात टाइप करायचं नसतं, समोरच्या पर्यायांपैकी एकावर क्लिक करायचं असतं. ग्रॅहम नेल्सनचं 'इन्फॉर्म' हे गेम लिहायचं साधन १९९३ मध्ये आलं आणि पार्सर-गेम लिहिणं हौशी माणसाच्या आवाक्यात आलं. ख्रिस क्लिमसचं 'ट्वाइन' २००९ मध्ये आलं आणि कोडची एकही ओळ न लिहिता पर्यायांचा गेम करता येऊ लागला. आज बहुतेक स्पर्धांत दोन्ही प्रकार शेजारी शेजारी असतात. परीक्षकाची पहिली अडचण तिथेच सुरू होते. तिच्याबद्दल पुढे बोलू.

नियम वाचा, मग गेम उघडा

ज्या स्पर्धेच्या पावलावर पाऊल ठेवून बाकीच्या चालतात ती म्हणजे १९९५ पासून दरवर्षी होणारी 'इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन', बोलीभाषेत आयएफकॉम्प. तिच्यात कुणीही परीक्षक होऊ शकतं, मात्र काही अटींवर. गुण १ ते १० मध्ये द्यायचे. एका गेमला जास्तीत जास्त दोन तास खेळून, तेवढ्यावरच गुण द्यायचे. नंतर हवं तितकं खेळा, पण पुढे जे पाहिलं त्यावरून आकडा बदलायचा नाही. आणि किमान पाच गेमना गुण दिले तरच तुमची मतं मोजली जातात.

दोन तासांची अट नवख्यांना जुलमी वाटते. २०२० मध्ये या स्पर्धेत १०३ गेम आले होते. प्रत्येकी दोन तास धरले तर २०६ तास झाले. परीक्षणाला साधारण सहा आठवडे मिळतात, म्हणजे रोज जवळपास पाच तास. नोकरी, घर सांभाळून हे कोण करणार? मर्यादा आहे म्हणून लेखकही आटोपशीर लिहितात आणि परीक्षकही जास्त गेमपर्यंत पोहोचतात. पाचच्या अटीचा दुसराही उपयोग आहे. मित्राच्या गेमला १० देऊन पळणाऱ्याला आणखी चार गेम खेळावे लागतात, आणि तेवढा उत्साह सहसा नसतो.

तुमच्या स्पर्धेचे नियम वेगळे असतील. तरी चार गोष्टी शोधाच : वेळेची मर्यादा, किमान गेमची संख्या, मुदत संपण्याआधी उघड चर्चा चालते का, आणि परीक्षणाच्या काळात लेखकांना दुरुस्त आवृत्ती चढवता येते का. शेवटची गोष्ट बारीक वाटते, पण तुम्हाला सापडलेला बग तिसऱ्या दिवशी गायब झालेला असू शकतो. म्हणून खेळलेल्या आवृत्तीचा क्रमांक किंवा निदान तारीख टिपा.

ज्या गेमची चाचणी तुम्ही केली आहे, ज्याच्या लेखकाशी तुमचं घट्ट नातं किंवा जुनं भांडण आहे, तो सोडून द्या. "मी तटस्थ राहू शकतो" असं प्रत्येकालाच वाटतं. टेस्टरला तर कोड्यांची उत्तरं आधीच ठाऊक असतात. त्याची बैठक खरी होऊच शकत नाही.

बैठक

गेमचा क्रम यादृच्छिक ठेवा. चिठ्ठ्या टाका, फासा टाका, किंवा स्पर्धेने यादी पिसून दिली असेल तर ती घ्या. आपल्या मनाने निवडलं की आकर्षक मुखपृष्ठाचे आणि ओळखीच्या नावांचे गेम आधी खेळले जातात, आणि तळाचे बिचारे मुदतीच्या आदल्या रात्री, डोळे चोळत.

एका दिवसात दोनापेक्षा जास्त गेम घेऊ नका. तिसऱ्या गेममध्ये सगळ्या खोल्या सारख्या दिसू लागतात.

पार्सर-गेम असेल तर सुरुवातीलाच ट्रान्सक्रिप्ट चालू करा. बहुतेक गेममध्ये 'स्क्रिप्ट' किंवा 'ट्रान्सक्रिप्ट' ही आज्ञा असते, आणि गेम चालवणाऱ्या प्रोग्रॅमच्या मेन्यूतही सोय असते. तुम्ही टाइप केलेलं आणि गेमने दिलेलं उत्तर, सगळं एका फाइलमध्ये उतरतं. त्यातच शेरा लिहायचा तर ओळीच्या सुरुवातीला तारांकन करून लिहायची जुनी पद्धत आहे : "* कोनाड्यात कंदील म्हणालात ना?" गेमला ते कळणार नाही आणि तो तसं सांगेल. पण न समजलेल्या आज्ञेचा वेळ बहुतेक गेम मोजत नाहीत, त्यामुळे बिघडत काही नाही. नंतर फाइलमध्ये तारांकन शोधलं की तुमचे सगळे शेरे एकापाठोपाठ हाती येतात. पर्यायांच्या गेममध्ये ही सोय सहसा नसते. तिथे वही किंवा दुसरी खिडकी उघडी ठेवा आणि कुठे काय निवडलं ते लिहीत जा.

घड्याळ लावा. दोन तास म्हणजे दोन तास. मध्ये उठलात तर थांबवा.

आणि दुसऱ्याचे अभिप्राय आपले गुण लिहून होईपर्यंत वाचू नका. एकदा "शेवट फसला आहे" असं वाचलं, की शेवट तुमच्यासाठीही फसतोच.

पहिली दहा मिनिटं

'हे कसं खेळायचं', 'श्रेय', 'सूचना' असं काही असेल तर ते आधी वाचा. त्रासदायक विषयांची पूर्वसूचना दिली आहे का, टेस्टरांची नावं आहेत का, तेही पाहा. टेस्टरांच्या जागी कुणाचंच नाव नसलेला गेम बहुधा लेखकाशिवाय कुणी खेळलेला नसतो आणि ते पाच मिनिटांत कळतं. मात्र त्यावरून आधीच गुण कापू नका. सावध राहा, इतकंच.

मग स्वतःलाच न्याहाळा. इन्फॉर्ममध्ये लिहिलेल्या गेमला 'एक्झॅमिन मी' म्हटलं आणि लेखकाने काहीच बदललं नसेल, तर ठरलेलं उत्तर येतं : "अ‍ॅज गुड-लुकिंग अ‍ॅज एव्हर", म्हणजे नेहमीसारखेच देखणे. नायिका जहाज फुटून किनाऱ्यावर फेकली गेली आहे, अंगावर जखमा आहेत, आणि गेम म्हणतो नेहमीसारखेच देखणे! शितावरून भाताची परीक्षा म्हणतात ती ही. असंच आणखी एक शीत म्हणजे खोलीच्या वर्णनात आलेलं प्रत्येक नाम. जिना बघा, भिंत बघा, कोनाडा बघा. "असं काही दिसत नाही" हे उत्तर तीनदा आलं, तर लेखकाने वर्णन लिहिलं पण जग बांधलं नाही असं समजा. उलट भिंतीवर बोट फिरवल्यावर ओल लागली, कोनाड्यात जुनी काजळी दिसली, तर हात राखून न ठेवता काम झालं आहे. वहीत लिहा. चांगलं दिसलं तेही टिपायचं असतं, आणि नवे परीक्षक नेमकं तेच विसरतात.

अडकलात की

परीक्षकाचा कस इथे लागतो, म्हणून जरा रेंगाळू.

दीपगृहात वरच्या मजल्यावर झडप आहे आणि तिची कडी गंजली आहे. ती हलत नाही. तुम्ही वीस मिनिटं झटता, काही होत नाही, आणि मनात गुणांचा आकडा दर मिनिटाला खाली घसरत असतो. त्याला आवरा. आधी वेळ लिहा, मग ट्रान्सक्रिप्ट वर सरकवून वाचा.

शक्यता पहिली. खालच्या कोनाड्याच्या वर्णनात "तेलाचा उग्र वास" असं लिहिलं होतं आणि तुम्ही ते वाचून पुढे गेलात. हा दोष तुमचा. फार तर एवढंच म्हणता येईल की खूण जरा पुसट होती.

शक्यता दुसरी. तेल तुम्हाला मिळालं होतं. तुम्ही "कडीवर तेल ओत" असं लिहिलं आणि गेम म्हणाला, "त्याने काही साधणार नाही." नंतर उत्तर बघता तर "कडीला तेल लाव" असं हवं होतं. कल्पना बरोबर, शब्द वेगळा. या जातीला 'क्रियापद ओळखा' म्हणून हिणवतात, आणि माझ्या मते पार्सर-गेममधला हा सर्वांत मोठा अपराध आहे. शब्द कळला नाही असं गेमने म्हटलं असतं तर तुम्ही दुसरा शब्द शोधला असता. "काही साधणार नाही" म्हटल्यावर तुम्ही बरोबर वाट सोडून चुकीच्या वाटेला लागता. इथे गुण कापले तर कुणी दोष देणार नाही. मात्र तुम्ही टाइप केलेली नेमकी आज्ञा लेखकाला कळवा. त्याला ती दुरुस्ती करायला पाच मिनिटं लागतील.

शक्यता तिसरी. झडपेवर तीनदा टकटक करायची होती आणि 'तीन' हा आकडा अख्ख्या गेममध्ये कुठे नव्हता. लेखकाच्या डोक्यात होता, कागदावर उतरलाच नाही.

चौथी शक्यता सर्वांत वाईट : गेम आता जिंकताच येणार नाही, आणि ते तुम्हाला कुणी सांगितलेलं नाही. अँड्र्यू प्लॉटकिन या गेम-लेखकाने याच्यासाठी पाच पायऱ्यांची एक मोजपट्टी घातली होती. कनवाळू गेममध्ये तुम्ही कधीच कायमचे अडकत नाही. सभ्य गेममध्ये मरू शकता किंवा अडकू शकता, पण लगेच कळतं आणि एक पाऊल मागे घेता येतं. कठीण गेममध्ये न फिरणारी चूक करता येते, पण करण्याआधी धोका दिसतो. दुष्ट गेममध्ये ती करून झाल्यावर कळते. आणि क्रूर गेममध्ये तास-दीड तासाने लक्षात येतं की सुरुवातीलाच पाव खाऊन टाकला, आता पक्ष्याला द्यायला काही नाही. क्रूर असणं हा आपोआप दोष ठरत नाही. जुन्या धाटणीचा गेम मुद्दाम तसा असतो, आणि लेखकाने आधी इशारा दिला असेल तर तुम्ही सेव्ह करत खेळायचं. इशारा न देता क्रूर असेल, तर ती फसवणूक आहे.

पंधरा-वीस मिनिटं अडकून राहिलात तर हिंट घ्या. त्यात कमीपणा नाही. दोन तासांपैकी तासभर एका कडीशी झोंबण्यात घालवला, तर उरलेल्या गेमला न्याय मिळत नाही. हिंट वाचल्यावर स्वतःला एकच प्रश्न विचारा : "अरे, हे सुचायला हवं होतं" असं वाटलं, की "हे कुणाला कसं सुचणार" असं? जे वाटलं ते तसंच लिहून ठेवा. कोडं न्याय्य होतं की नाही याचं याहून चांगलं माप मला सापडलेलं नाही.

पूर्ण वॉकथ्रू, म्हणजे सुरुवातीपासून शेवटपर्यंतच्या उत्तरांची यादी, समोर ठेवून खेळणं मात्र टाळा. तसं खेळलेल्या गेमची गोष्ट कळते, खेळ कळत नाही. नाइलाज झाला तर किती भाग वॉकथ्रूने पार केला ते अभिप्रायात कबूल करा.

क्लिक करायच्या गेमना पार्सरची फुटपट्टी लावू नका

"यात कोडीच नाहीत" हा शेरा पर्यायांच्या गेमवर हमखास येतो, आणि तो बहुधा गैरलागू असतो. तिथे वेगळं पाहायचं. निवडलेल्या पर्यायाची आठवण गेम ठेवतो का? पहिल्या प्रसंगात बहिणीशी खोटं बोललात, तर पाचव्या प्रसंगात तिच्या बोलण्यात ते कुठे डोकावतं का? एकदा खेळून झाल्यावर वेगळे पर्याय घेऊन दुसऱ्यांदा खेळा. हे गेम छोटे असतात, दोन तासांत दोन-तीन फेऱ्या सहज होतात. सगळ्या वाटा तीन वाक्यांनी पुन्हा एकाच जागी येत असतील तर तेही टिपा, पण घाईने निकाल देऊ नका. काही गोष्टी मुळातच अटळ शेवटाच्या असतात आणि वाचकाला पर्याय देऊन त्याची हतबलता दाखवणं हाच लेखकाचा डाव असतो. डाव साधला की नाही, एवढंच तुम्ही बघायचं.

दोन्ही प्रकारांत वापरायला सोयीचं आहे का हेही पाहा. अंध खेळाडू स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रोग्रॅमच्या, मदतीने टेक्स्ट गेम खेळतात. फक्त रंग बदलून दाखवलेली खूण किंवा ठरावीक सेकंदांत आपोआप पुसला जाणारा मजकूर त्यांना बाहेर ठेवतो. (आपोआप हळूहळू उमटणारा मजकूर तर मलाही छळतो, पण ती माझी वैयक्तिक तक्रार.)

आकडा

पहिल्या दोन-तीन गेमना गुण पेन्सिलीने द्या, म्हणजे तात्पुरते. अजून तुम्हाला या वर्षीचं पाणी किती खोल आहे ते माहीत नाही. पहिल्याच बऱ्या गेमला ९ देऊन बसलात आणि नंतर खरोखर थरारून टाकणारा आला, तर त्याच्यासाठी जागा उरत नाही. पाच-सहा गेम झाले की टिपणं समोर ठेवून पहिल्या आकड्यांकडे परत या. पुन्हा खेळायचं नाही, टिपणंच वाचायची.

माझी पट्टी अशी : सुरूच न होणारा किंवा मध्येच कोसळून पुढे जाऊ न देणारा गेम १ किंवा २. कल्पना दिसते पण हाताला लागत नाही, तो ३-४. नीट चालतो, वेळ बरा गेला, आठवड्याने आठवणार नाही, तो ५-६. कुणाला तरी "हा खेळून बघ" म्हणावंसं वाटलं तर ७ किंवा ८. दोन तास संपल्यावर घड्याळाचा राग आला, तर ९. दहा मी जपून ठेवतो, पण राखून ठेवत नाही. मिळाला तर देऊन टाकतो. तुमची पट्टी वेगळी असू द्या, मात्र ती वहीच्या पहिल्या पानावर लिहा आणि शेवटच्या गेमलाही तीच लावा.

सगळ्यांना ६ ते ८ देणारा परीक्षक स्वतःला दयाळू समजतो. त्याच्या मताला निकालात जवळपास वजनच नसतं.

लेखन, कथा, कोडी, अंमलबजावणी अशी रकानेवार बेरीज करावी का? विचार करताना करा, अंतिम आकडा काढताना नको. शुद्धलेखनाचे दोन आणि कोड्यांचे तीन गुण जोडत गेलं की सगळीकडे मध्यम असलेला गेम एकाच बाबतीत अफाट असलेल्या गेमला मागे टाकतो. स्पर्धेच्या नियमांतच रकाने असतील तर इलाज नाही.

लेखकाला चार ओळी

हौशी लेखकाला पैसे मिळत नाहीत. वर्षभर रात्री जागून त्याने गेम केला आणि त्याला मिळालं "ठीक आहे, बग खूप". याचं त्याने करायचं काय? चार ओळी लिहा, पण जागा सांगून लिहा. "वरच्या मजल्यावरची कडी : 'तेल ओत' चाललं नाही, 'तेल लाव' चाललं, इथे माझी अठरा मिनिटं गेली. त्यानंतर समुद्राचं वर्णन आलं तिथे मी थांबून दोनदा वाचलं." या अभिप्रायात कौतुक आहे, तक्रार आहे, आणि दोन्ही वापरता येण्याजोगी आहेत.

लेखकाने कसा गेम लिहायला हवा होता हे सांगायचा मोह होईल. आवरा. तुम्हाला विनोदी आवडतं म्हणून त्याची शोकांतिका चुकीची ठरत नाही. आणि हा त्याचा पहिलाच गेम आहे असं कळलं तरी गुण वाढवू नका. सूर सौम्य करा, आकडा तोच ठेवा.

स्पर्धा भरवत असाल तर : मोजणी

सरासरी काढणं सोपं वाटतं. चार परीक्षकांनी खेळलेल्या गेमची सरासरी ८.५ आली आणि चाळीस जणांनी खेळलेल्याची ७.९, तर पहिला कोण? नुसता आकडा पाहिला तर चार मतांचा गेम जिंकतो, आणि ती चार मतं लेखकाच्या गोतावळ्यातली असू शकतात. यावर सोपे उपाय दोन. एक, किमान मतसंख्या ठरवा. दोन, प्रत्येक गेमच्या खात्यात ठरावीक मधली मतं आधीच जमा धरा. समजा प्रत्येकाला ६ गुणांची पाच मतं जोडली : पहिल्या गेमचे ३४ अधिक ३०, भागिले ९, म्हणजे ७.१. दुसऱ्याचे ३१६ अधिक ३०, भागिले ४५, म्हणजे ७.७. क्रम पालटला. कुठलाही उपाय घ्या, पण तो मतदान सुरू होण्याआधी नियमांत छापा. मतं पाहून पद्धत बदलणारा आयोजक कितीही प्रामाणिक असला तरी त्याच्यावर कुणी विश्वास ठेवणार नाही.

एका गेमला १० आणि त्याच्या प्रतिस्पर्ध्यांना ओळीने १ देणाऱ्या मतपत्रिका दिसतील. त्या बाजूला काढायचा अधिकार नियमांत ठेवा, आणि तो दोघांनी मिळून वापरावा, एकट्याने नको. संगणकाने लिहिलेला मजकूर किंवा काढलेली चित्रं चालतील का, चालली तर तसं जाहीर करणं सक्तीचं आहे का, हेही आधीच ठरवा. मध्येच यावरून वाद पेटला तर स्पर्धाच मागे पडते.

बक्षिसं

पैशांची चिंता करू नका. आयएफकॉम्पमध्ये लोक आपल्या मनाने वस्तू आणि पैसे देत आले आहेत. वस्तूंची पद्धत मजेशीर आहे : सगळ्या एका यादीत मांडायच्या, पहिल्या क्रमांकाने आधी उचलायची, मग दुसऱ्याने, असं खाली. कुणीतरी हाताने विणलेली टोपी दिली असेल तर पाचव्या क्रमांकालाही काहीतरी मिळतं.

क्रमांकाच्या पलीकडचे पुरस्कार मला जास्त आवडतात. त्याच स्पर्धेत 'गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड' नावाचा एक मान असतो. ज्या गेमवरून परीक्षकांत सर्वांत जास्त मतभेद, म्हणजे ज्याच्या गुणांचं प्रमाण विचलन (गुण सरासरीपासून किती विखुरले त्याचं माप) सर्वाधिक, त्याला तो जातो. सहा परीक्षकांनी एका गेमला सगळे ६ दिले आणि दुसऱ्याला १०, १०, ९, ३, २, २ असे दिले, तर दोघांची सरासरी ६ च. पण दुसऱ्याचं प्रमाण विचलन सुमारे ३.७ येतं. पहिला गेम कुणालाच खटकला नाही. दुसरा कुणाला तरी झपाटून गेला. सरासरीत हा फरक बुडतो, आणि केळं नेमकं त्यालाच मिळतं. तिथेच 'मिस कन्जीनिअ‍ॅलिटी' हा लेखकांनी लेखकांना द्यायचा पुरस्कारही आहे. तुमच्या छोट्या स्पर्धेत हे दोन ठेवले तरी रंगत येईल, आणि खर्च शून्य.

वर्गवार पुरस्कारांसाठी १९९७ पासून दिल्या जाणाऱ्या एक्स-वाय-झेड-झेड-वाय पुरस्कारांचा नमुना पाहा. (नाव गुहेच्या त्या जुन्या गेममधल्या जादूच्या शब्दावरून आहे. उच्चार कसा करायचा यावर एकमत नाही, म्हणून अक्षरं फोडून लिहिली.) तिथे आधी नामांकनाची फेरी होते, मग अंतिम मतदान. उत्कृष्ट लेखन, उत्कृष्ट कोडी यांच्याबरोबर 'एकच उत्कृष्ट कोडं' आणि 'एकच उत्कृष्ट पात्र' असेही वर्ग आहेत. ही सूचना मी नक्की उचलेन. एरवी सामान्य असलेल्या गेममधला एक सुंदर क्षण त्यामुळे सुटत नाही. पण वर्ग किती ठेवायचे ते गेमच्या संख्येवर ठरवा. आठ गेम आणि बारा पुरस्कार असले की बक्षीस न मिळणं हाच मान होऊन बसतो.

क्रमांकच नकोत असं वाटत असेल तर तीही वाट आहे. २००२ मध्ये अ‍ॅडम केडरने सुरू केलेली 'स्प्रिंग थिंग' पुढे उत्सवासारखी झाली. तिथे गेमना रिबिनी मिळतात आणि खेळणारेच त्या रिबिनींची नावं सुचवतात. नव्या, बुजऱ्या लेखकांच्या गटाला हे जास्त मानवतं.

निकाल खालून वर जाहीर करा. पण पंधरापेक्षा कमी गेम असतील तर शेवटच्यांची नावं जाहीरपणे वाचू नका. पहिले तीन आणि विशेष पुरस्कार सांगा, बाकीच्यांना आपापले गुण आणि अभिप्राय खासगीत कळवा. प्रत्येक पुरस्काराबरोबर कारणाचं एक वाक्य जोडा, आणि ते परीक्षकांच्या टिपणांतून उचला. "उत्कृष्ट कोडं : दीपगृहातली गंजलेली कडी, कारण उत्तर सापडल्यावर चार परीक्षकांनी स्वतंत्रपणे वहीत 'अरेच्चा' लिहिलं होतं." असं वाक्य लेखक जपून ठेवतो.

मग ट्रान्सक्रिप्ट पाठवा. परीक्षकांची परवानगी घ्या, नावं काढा आणि फाइली त्या त्या लेखकाच्या हवाली करा. अनोळखी माणूस आपल्या दीपगृहात शिरून कुठे वळला, कशाला हात लावला आणि कुठे थबकला, हे त्यांना पहिल्यांदाच दिसणार असतं. स्पर्धेत आलेली आवृत्ती मात्र वेगळ्या फोल्डरमध्ये, तारीख घालून, जशीच्या तशी ठेवा. दुरुस्त आवृत्ती आली की कुणीतरी विचारणारच, "यात कंदील उचलता येत नव्हता म्हणता? मला तर येतोय."